अमानतीच्या कोंबड्या

आमच्या औरंगाबादेत नाटककारच एकमेकांच्या नाटकांवर लिहायचे. रीतच होती तशी. एका स्थानिक दैनिकाची रविवारची पुरवणी निघायची. गावात कुणाचं नवं नाटक आलं की पहिल्या प्रयोगानंतरच्या रविवारी त्यावर लेख यायचा, अन् तो गावातल्याच दुसऱ्या नाटककारानं लिहायचा. समीक्षक गावात नव्हतेच. असते तर आम्ही टिकू दिले नसते. आज मी तुझं कौतुक करायचं, उद्या तू माझं. वाईट लिहायचं नाही, एवढं सगळ्यांनी पाळायचं.

पण कौतुक करूनही माणूस आडवा करता येतो, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. लेखात सुरुवातीलाच प्रकाशयोजनेची तारीफ आली की समजायचं, नाटक पडलं. नेपथ्य 'नेटकं' असलं तर पडलंच पडलं. अन् शेवटी 'लेखकाकडून मोठ्या अपेक्षा आहेत' असं आलं, की लेखकानं चार दिवस घराबाहेर पडू नये. ही भाषा नाटकवाल्यांनाच कळायची असंही नाही. माझ्या पहिल्या नाटकावरचा लेख आला त्या दिवशी पानटपरीवाला मला म्हणाला, "काय साहेब, दिव्यांचं लई कौतुक झालं म्हणं तुमच्या."

ते नाटक माझ्या मायवर होतं. माय देवगाव रंगारीची. तिची एकच गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, अन् गावातल्या मुसलमान घरांना जिवाची धास्ती लागली. शेजारची मुसलमान बाई, तिला आपा म्हणायचे, तिनं एके सकाळी सामान बैलगाडीत टाकलं अन् लेकरंबाळं घेऊन नातेवाइकांकडं निघाली. जाताना आपल्या सात कोंबड्या मायच्या हवाली केल्या. म्हणाली, ही अमानत आहे, मी परत येणार. मायनं त्या डालग्याखाली झाकल्या, दाणा टाकला. दीड वर्षानं आपा परत आली. गोष्ट इथवर आली की मी उठायचो. पुढं काय असणार हे सांगायला मायची गरज नव्हती.

नाटक लिहायला बसलो तेव्हा पहिल्या फटक्यात कोंबड्या काढून टाकल्या. नाट्यस्पर्धेला बाहेरगावचे परीक्षक येणार, त्यांच्यापुढं कोंबड्या काय नाचवायच्या? त्यांच्या जागी मी चांदीची अत्तरदाणी घातली. मायच्या तोंडी शुद्ध, घडीव मराठी दिली. शेवटी आपा परत येते, माय अत्तरदाणी तिच्या ओंजळीत ठेवते, वरून निळा प्रकाश अन् मागं सारंगी. बायका डोळे पुसत होत्या. माय पहिल्या रांगेत बसली होती. परतताना रिक्षात तिनं विचारलं, "कोंबड्या कुठं गेल्या रं?" मी म्हणालो, "माय, नाटकात असं करावं लागतं."

त्या नाटकावर ज्यानं लिहिलं तो कॉलेजात मराठी शिकवायचा अन् आमच्यातला सगळ्यात नावाजलेला नाटककार होता. आमची दोस्ती होती. एक चहा दोघांत प्यायचो, अन् एकमेकांचे प्रवेश आधी एकमेकांना वाचून दाखवायचो. त्यानं चार परिच्छेद लिहिले. तीन प्रकाशयोजनेवर. त्या निळ्या प्रकाशाचं कौतुक करून करून पठ्ठ्यानं कागद निळा केला. चौथ्यात एकच वाक्य माझ्याबद्दल होतं, की या नाटकातली आई घरातली वाटत नाही, पुस्तकातली वाटते.

ते वाक्य मी नऊ वर्षं सांभाळलं. खोटं कशाला बोलू? त्याच्या एकाही प्रयोगाला गेलो नाही. त्याला बक्षीस मिळालं की मला नेमका ताप यायचा. त्याचे वडील वारले तेव्हा लोकलाज म्हणून भेटायला गेलो, अन् त्याचं पोट सुटलेलं बघून मनातून बरं वाटलं. लेखानंतर आठवड्याभरात तो एकदा आमच्या घरी आला होता. मी न्हाणीत होतो. त्याचा आवाज ऐकला अन् तो जाईस्तोवर अंगावर पाणी ओतत बसलो. मायनं त्याला चहा दिला. मी बाहेर आल्यावर म्हणाली, "मास्तर चांगला माणूस हाय की." मी म्हणालो, "या घरात त्याचं नाव काढायचं नाही." मायनं पुन्हा काढलं नाही.

मग नऊ वर्षांनी त्याचं नवं नाटक आलं अन् पुरवणीच्या संपादकांनी मला विचारलं, लिहिता का? मी इतक्या लगेच हो म्हणालो की ते चष्मा काढून माझ्याकडं बघायला लागले. माझं ठरलेलं होतं. त्यानं तीन परिच्छेद दिवे लावले होते, मी सहा लावणार. प्रयोगाच्या आधी मुद्दाम रंगमंचामागं जाऊन दिवेवाल्याला विचारून आलो, कोणता दिवा कुठं, कोणता रंग कधी. तो बिचारा खूश झाला. आजवर त्याला कुणी एवढं विचारलं नव्हतं.

पडदा वर गेला अन् रंगमंचावर डालगं. डालग्याखाली कोंबड्या, खऱ्या, जिवंत, सात. लोक हसले. मग त्यांच्याशेजारी बसलेली बाई बोलायला लागली अन् हसू थांबलं. माझ्या कानशिलाला आग लागली. हेल मायचा होता. 'व्हय' म्हणताना मान कलती करायची मायची खोडसुद्धा त्या नटीनं उचललेली. चोर, मी मनात म्हणालो, हरामखोर, घरफोड्या. चहाच्या त्या दिवसांत मीच कधीतरी कोंबड्यांची गोष्ट याला सांगितली असणार, अन् यानं ती मुरवत ठेवली. पण चोरी बोलून दाखवायची तर माझ्या कोंबड्यांची अत्तरदाणी का झाली, हेही गावाला सांगावं लागलं असतं. त्यामुळं ते तोंडातल्या तोंडात गिळून बसलो.

मग शेवटचा प्रवेश आला अन् मी खुर्चीत ताठ झालो. आपा परत येते. बाई दारात उभी राहते, तिला आत घेत नाही. म्हणते, रोग आला, सगळ्या मेल्या. आपण प्रेक्षकांनी बघितलेलं असतं की रोगबिग काही आलेला नाही. बाईनं एकेक करून सातही कोंबड्या कापल्यात, स्वतः खाल्ल्यात अन् आपल्या पोराला घातल्यात. आपा काही बोलत नाही. बाईच्या पोराला घटकाभर मांडीवर घेते अन् निघून जाते. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी मात्र मनात टाळ्या वाजवत होतो. सापडलास बेट्या. आमच्या मायांना चोर ठरवतोस काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीला जायच्या आधी लेख लिहून काढला. प्रकाशयोजनेचं नावही घेतलं नाही. गावाची रीत मोडली अन् सरळ वार केला. हेल उचलला म्हणजे माणूस उचलता येत नाही, असं लिहिलं. शेजारणीचा विश्वास शिजवून खाणारी बाई यांना कुठं भेटली, असं विचारलं. लिहिताना भारी मजा येत होती. तीनदा खरडून चौथ्यांदा नक्कल केली.

रविवारी लेख आला अन् गावात चर्चेला ऊत आला. वर्षानुवर्षं गोड खाऊन विटलेल्या लोकांना तिखट मिळालं. टपरीवर चार जणांनी पाठ थोपटली, त्यांतल्या दोघांनी तर प्रयोगाला उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच्याकडून एक शब्द आला नाही. आज कळलं असेल कसं वाटतं ते, असं म्हणत मी मटण घेऊन घरी आलो.

माय ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. "शेजारची म्हनत व्हती, तुजं काय तरी छापून आलंय," ती म्हणाली. "वाच की मला." मला तेच पाहिजे होतं. पाट घेऊन समोर बसलो अन् नाट्यवाचनाला वाचावं तसा आवाज लावून वाचायला लागलो. कोंबड्या आल्या तशा तिच्या हातातल्या शेंगा थांबल्या. मला वाटलं, रंगली. शेजारणीचा विश्वास शिजवून खाल्ला, या वाक्यावर मी दाद मिळावी म्हणून थांबलो.

माय म्हणाली, "मास्तरानं खोटं नाय लिवलं."

मी पुरवणी मांडीवर ठेवली.

"तू दीड वर्साचा व्हतास. ताप उतरंना. अंगावर मास नव्हतं तुज्या. हकीम म्हनला, ह्याच्या पोटात ताकदीचं कायतरी जाऊ द्या. घरात दुसरं काय व्हतं? एक कापली, रस्सा पाजला, तू डोळं उघडलंस. मग दुसरी कापली. आपा आली तवा तू तिच्या मांडीवर बसला व्हतास. तिला समजलं व्हतं सगळं. बोलली नाय."

मी म्हणालो, "मला कधी सांगितलं नाहीस."

"आपा परत आली म्हनलं की तू उठून जायचास." ती शेंगांकडं बघत बोलत होती. "मास्तर दुपारचा यायचा, तू हापिसात असताना. नाव काडायचं नाय म्हनलास, म्हनून बोलले नाय मी. त्यानं इचारलं, मग पुढं काय झालं? कुनी इचारलंच नव्हतं आजवर. लई रडले मी त्या दिवशी. नाटकात घालू का, ते बी इचारलं त्यानं. मी म्हनलं, घाल. माजं नाव नको, पर घाल."

मी पुरवणीची घडी करायला लागलो. तिनं हात धरला.

"वाच की. ऱ्हायलंय अजून."

"संपलं, माय."

"मला अक्षर कळत नाय, पर कागुद किती ऱ्हायला ते दिसतंय." तिनं बोट ठेवलं ते बरोबर शेवटच्या परिच्छेदावर.

मी दुसरं काहीतरी वाचू शकलो असतो. तिला कळलं नसतं. पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती, अन् तिच्यासमोर बसून नवं वाक्य रचायला मला जमेना. मग होतं तेच वाचलं. अमानतीत खोट करणारी बाई आमच्या मराठवाड्यात जन्माला आलेली नाही. आली असेल, तर तिला आई म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. हे सगळं मी माझ्या तोंडानं, तिला नीट ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, खाली छापलेल्या माझ्या नावापर्यंत.