साहेबाच्या टीमविरुद्ध

ज्याच्या कारखान्यात नोकरी करायची, त्याच्याच टीमच्या नावाने शिमगा करायची हिंमत ओमानमधल्या आमच्या रुसैलमध्ये एकाच माणसात होती. तो कँटीनचा स्वयंपाकी. दापोलीकडचा, पन्नाशीचा, पोट सुटलेला. त्याला सगळे कोच म्हणत.

मी तिथे पर्चेसला होतो. मॅनेजर अमेरिकन. त्यांच्याकडचं फुटबॉल पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात आणि चेंडूही लांबट असतो. रविवारच्या मॅचचं रेकॉर्डिंग साहेब सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या टीव्हीवर लावायचा. त्याची टीम लाल. मग काय, आठवडाभरात फोरमनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळा कारखाना लाल झाला. नियम न कळताच टाळ्या. एकटा कोच निळ्यांचा, म्हणजे लाल टीमच्या पिढीजात वैऱ्यांचा. "सगळे एका बाजूला बसले की होडी कलंडते," म्हणायचा. साहेबालाही हे वैर आवडे. कोच हे नाव त्यानेच ठेवलेलं.

मॅचचा निकाल आधी कोणी सांगायचा नाही, असा साहेबाचा हुकूम होता. कोच सकाळीच मोबाइलवर निकाल बघे आणि तोंड मिटून घेई. पण लाल हरले की त्याचा हात आपोआप रव्याकडे जाई. तुपातल्या शिऱ्याचा वास ऑफिसात शिरला की साहेब केबिनमधूनच ओरडे, "कोच, यू किल्ड माय गेम!"

"आय टेल नथिंग, सर. ओन्ली शिरा," कोचचं उत्तर.

एकदा लाल टीम शेवटच्या रेषेपासून एका यार्डावर होती. चेंडू पोटाशी धरून घुसलं की मॅच खिशात. त्यांनी तो फेकला आणि निळ्यांच्या कुठल्याशा नवख्या पोराने मधल्यामध्ये झेलला. कोच झारा घेऊन कँटीनभर नाचला. मग टेबलावर कांदे मांडून साहेबालाच समजावू लागला. "सर, दिस ओनियन रन. व्हाय थ्रो?" आणि माझ्याकडे वळून, "दारात येऊन फेकलान कशाला रे?" साहेबाची हसून हसून पुरेवाट झाली.

कोचची मुलगी चिपळूणला नर्सिंग शिकत होती. तिचं शिक्षण पुरं होईस्तोवर इथे टिकायचं, एवढंच त्याचं मागणं होतं. तेवढ्यात तेलाचे भाव पडले. कँटीनचा स्वयंपाक बंद करून जेवण बाहेरून मागवायचं ठरलं. साहेबाने कोचला केबिनमध्ये बोलावलं, नोटीस हातात दिली आणि खांद्यावर थाप मारून म्हणाला, "राँग टीम, माय फ्रेंड." कोच सवयीने हसला. मी सह्यांचे कागद घेऊन तिथेच उभा होतो.

बाहेर आल्यावर त्याने मला विचारलं, "तेवढ्यासाठीच का रे?"

"नाही हो कोच. कंपनीच खाली बसत चाललीय. गंमत केली त्याने."

त्याला ते पटलं नाही. तेलाच्या भावाशी भांडता येत नाही, टीम मात्र बदलता येते. दुसऱ्या दिवशी तो डोक्यावर लाल टोपी घालून केबिनबाहेर उभा राहिला. साहेबाने पाहिलं, अंगठा वर केला, "ॲट लास्ट!" म्हणाला आणि मीटिंगला निघून गेला. कोच जेवणाच्या सुट्टीपर्यंत तसाच उभा होता. मला त्याच्याकडे बघवेना. साहेबाची तर शिसारी आली, ती आजही गेलेली नाही.

महिनाअखेरीला कोच गावी गेला. मुलीने कॉलेज सोडून एका कापडदुकानात नोकरी धरल्याचं पुढे कळलं.

पुढच्या मोसमात पुन्हा लाल-निळ्यांची मॅच आली. साहेब खुशीत होता. बाहेरून आलेल्या डब्याचं झाकण उघडता उघडता त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"व्हेअर इज कोच? कॉल हिम. टुडे आय विल मेक हिम क्राय."

कोणी मान वर करेना. शेवटी मीच बोललो, "सर, यू सेंट हिम होम."

"ओ, राइट," साहेब म्हणाला आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.