मावशीचं लांबलेलं गाणं

थापीवाल्या मावशीचं गाणं कधी ठरल्या वेळात संपलं नाही. एकच ओळ कधी चार वेळा, तर कधी चाळीस वेळा. मला वाटायचं, बाईला पुढचं आठवत नसणार. तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि दुसऱ्याचं उणं मला लगेच दिसायचं.

ऐंशीनंतरची गोष्ट. घाटकोपरला आमची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि गच्ची गळकी. म्हणून मे महिन्यात कोबा घालायला बायका आल्या. दहाजणी ओळीनं उकिडव्या बसून विटांच्या तुकड्यांचा ओला थर लाकडी थाप्यांनी ठोकायच्या. मावशी एक ओळ गायची, बाकीच्या 'हां गं बाई' म्हणायच्या आणि सगळ्यांची थापी एकदम पडायची. नेमकी माझ्या डोक्यावर.

पाणी प्यायला दारात आली की मावशी बोलायची. आईबापानं लग्नासाठी जमीनमालकाकडून घेतलेल्या कर्जापायी ती जन्मापासून त्याच्या वेठीला होती. "भात लावताना मालक काठी घेऊन बांधावर उभा. हात थांबला का पाठीत बसायची. मंग आमची आजी गाणं लांबवायची. गाणं लांबलं का हात दमानं पडतात, आन मालकाला वाटतं काम जोरात चाललंय!" सांगताना ती पोट धरून हसायची. वेठ पुढे कायद्यानं सुटली. गाणं तिनं सोडलं नाही.

हे सगळं मी मान डोलावत ऐकलं, आणि परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा मुकादमाला जाऊन सांगितलं, "ते गाणं बंद करा हो. माझ्या अर्थशास्त्राची वाट लागलीय."

गाणं बंद झालं. तासाभरात ओळ विस्कटली. जिची तिची थापी वेगळी वाजू लागली, आणि त्यांच्यातली शेवंता मागे पडतेय हे मुकादमाला पहिल्यांदाच दिसलं. शेवंताला सातवा महिना होता. "उद्यापासून येऊ नको," तो तिला म्हणाला.

दुपारी मावशी दारात आली, पण तांब्याला हात लावला नाही. "ताई, तुमचा अभ्यास मोठा. पन गाणं होतं तवर शेवंता त्यात झाकलेली होती. आता उघडी पडली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच गच्चीवर मुकादमाकडे गेले. "गाणं सुरू करा. त्याशिवाय माझा अभ्यास होत नाही."

"अहो ताई, सकाळी तुम्हीच तर..."

"सकाळी माझं चुकलं. ओळ माझ्यामुळे बिघडली, शेवंतामुळे नाही. तिला काढू नका."

तो कुरकुरला, पण शेवंता राहिली. पुढे मी शिक्षिका झाले. वर्ग मागे पडणाऱ्या मुलीच्या चालीनं न्यायचा, हे मला बी.एड.नं नाही, मावशीनं शिकवलं. तिचे उपकार मी आजही मानते.

काम संपायच्या दिवशी हौसेनं थापी मागून घेतली आणि शेवंताशेजारी बसले. पाच मिनिटांत मनगट भरून आलं. एक ठोका चुकला, मग दुसरा. बायका हसायला लागल्या. मावशीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं फक्त तोंडातली ओळ लांबवली, आणखी लांबवली, आणि सगळ्या थाप्या माझ्यासाठी वरच थांबल्या.

"आता टाका, ताई," शेवंता हळूच म्हणाली.