पुलाला टेकून

बोरिवलीत पूर्वेला डोंगराकडे गेलं की त्या वर्षांत शहर संपायचं आणि नदी लागायची. म्हशी डुंबत असायच्या, पलीकडे भाताची शेतं. नदीवर इंग्रजांच्या काळातला दगडी पूल, आणि पुलाच्या भिंतीला टेकून बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. तीन बाजूंना पत्रा, चौथी बाजू पुलाची. बाबांची गिरणीतली नोकरी गेल्यापासून घर त्या दुकानावरच चालायचं. पालिकेचा एक माणूस अधूनमधून यायचा, ‘हे हटवणार हां’ असा दम द्यायचा आणि जाताना सायकलीत फुकट हवा भरून घ्यायचा. मेला!

एक दिवस पुलावर निळी पाटी लागली. ‘संरक्षित वास्तू. हानी पोहोचवणारा शिक्षेस पात्र.’ बाबा घरी आले ते नाचतच. “वाट लागली त्या पालिकेवाल्याची! आता आपल्याला हलवायची कोणाची टाप नाही.”

आई म्हणाली, “अहो, पण त्यात आपलं नाव कुठंय?”

“एक भिंत पुलाचीच आहे ना गं? मग! पूल संरक्षित, म्हणजे आपण पण.”

मी नववीत, मराठीत वर्गात पहिली. मलाही ते पटलं. आईचा जीव भांड्यात पडला, तिने शिरा केला. त्या दिवसापासून बाबा दुकान उघडायच्या आधी पाटी ओल्या फडक्याने पुसायचे. पुलावर कोणी थुंकलं की अंगावर धावून जायचे, “ए, वाचता येतं ना?”

दिवाळी झाली आणि पालिकेचा ट्रक आला. बाबा जराही घाबरले नाहीत. पाटीखाली जाऊन उभे राहिले आणि साहेबाला म्हणाले, “आधी हे वाचा.”

साहेब तरुण होता, बोलायला चांगला. “काका, त्याच्यासाठीच आलोय. पुलाला लागून आता काही ठेवता येत नाही.”

बाबांनी पाटी पुन्हा वाचली, बोट ठेवून, मोठ्याने. मला इतका संताप आला होता की रडूसुद्धा येईना.

पत्रे निघाले तशी मागची भिंत उघडी पडली. दुकानाच्या मापाची, ग्रीसने काळीकुट्ट. साहेब म्हणाला, “काका, हा डाग तेवढा काढून द्या हां.” आणि बाबांनी, काय सांगू, पाटी पुसायचं तेच फडकं घेतलं आणि भिंत घासायला बसले. संध्याकाळपर्यंत घासत होते. डाग काही निघाला नाही. दुकान पुन्हा कुठंच लागलं नाही.