खोटं बोलणारी डिस्क

"आडनाव काय गं तुझं?"

निखिल सरांच्या आईंनी विचारलं. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात खंडेनवमीची पूजा चालली होती. सर्व्हरला झेंडूचा हार, समोर नारळ. मी आडनाव सांगितलं. त्यांचा कुंकवाचा हात थांबला.

"बरं. तू जरा मागे हो. आज मशीनला हात नको लावूस."

मागे झाले. भिंतीला पाठ लागेपर्यंत. ते मशीन मीच बसवलं होतं, खोक्यातून काढण्यापासून सगळं. निखिल सर, आमचे मालक, बाजूलाच उभे होते. त्यांनी मोबाइलमध्ये डोकं घातलं. बाकीच्यांनी पेढे घेतले. पूजेशी माझं देणंघेणं नाही. मानखुर्दच्या आमच्या घरात बुद्धाची तसबीर आहे, तेवढी पुरते. पण हात माझा होता, आणि त्याचा विटाळ झाला. मी पेढा हातात धरून गप्प उभी राहिले. त्या गप्प राहण्याचा मला आजही राग येतो.

त्या एका मशीनच्या पोटात आम्ही अनेक कॉम्प्युटर चालवायचो. खरे नव्हेत, सॉफ्टवेअरने उभे केलेले. त्यांच्या डिस्कही तशाच. डिस्क केवढी, किती वेगाची, ती स्वतःबद्दल काय सांगणार, हे मी ठरवायचे. त्यात एक सेटिंग फार वाईट. ते लावलं की माहिती खऱ्या डिस्कवर उतरायच्या आधीच 'सेव्ह झालं' असं उत्तर जातं. काम सुसाट चालतं. मधेच वीज गेली, तर सेव्ह झालेलं कुठेच नसतं.

आणि या मशीनवर येणार होत्या मुलुंडच्या एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीच्या नोंदी. कुठल्या पिशवीत कुठला रक्तगट, कुठली पिशवी तपासणीत बाद.

पूजा आटोपल्यावर सर माझ्या टेबलाशी आले.

"परवा मुलुंडच्या डॉक्टरबाई बघायला येतायत. फार स्लो चाललंय यार. ते सेटिंग लाव ना."

"वीज गेली तर नोंदी जातील, सर."

"यूपीएस आहे ना. तुझ्या लॉगिनने कर."

तुझ्या लॉगिनने. आदल्या वर्षी असाच एका गिऱ्हाइकाचा डेटा उडाला होता. सेटिंग सरांच्या सांगण्यावरून, लॉगिन सचिनचं. सचिन आमच्यातलाच. नोकरी त्याची गेली, सर राहिले. सकाळी ज्या हाताने मशीन बाटत होतं, दुपारी घाण करायला तोच हात हवा होता.

"नाही करणार."

"तुम्हा लोकांना संधी दिली की डोक्यावर बसता."

सगळं ऑफिस ऐकत होतं. सरांनी मला खुर्चीतून उठवलं, स्वतः बसले, आणि माझ्याच उघड्या लॉगिनमधून सेटिंग बदललं.

डॉक्टरबाई आल्या. चाचणीसाठी भरलेल्या यादीतली एक पिशवी त्यांनी निवडली. लिहिलं, 'बाद, रुग्णाला देऊ नये.' क्षणात उत्तर आलं, 'सेव्ह झालं.'

"झकास," त्या म्हणाल्या. सर हसले.

मी पुढे झाले आणि यूपीएसमधून सर्व्हरची वायर उपटली. हाराची सुकलेली फुलं खाली पडली.

मी वायर परत लावली, मशीन पुन्हा चालू केलं. मग यादी दिसली. ती बाद केलेली पिशवी पुन्हा चांगल्या पिशव्यांत होती.

"मुद्दाम केलंत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हो. वीज काही विचारून जात नाही."

सर एवढंच म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

त्यानंतर मी घरीच होते. काल ऑफिसातल्या रेश्माचा फोन आला. हळू बोलत होती.

"मुलुंडचं काम मिळालं गं त्यांना. ते सेटिंग काढून टाकतो, असं सर डॉक्टरबाईंना म्हणाले होते. मशीन सुरू पण झालं. आणि ऐक, तुझं लॉगिन अजून चालूच ठेवलंय."

ते सेटिंग काढलं का? तिला माहीत नाही. मला माहीत नाही. तिथे खाटेवर पडलेल्या माणसाला तर कोणी सांगणारच नाही.

आई म्हणते, सोड, दुसरी नोकरी बघ. सोडणार नाही. उद्या मुलुंडला जाते. डॉक्टरबाईंना म्हणणार, पुन्हा वायर ओढून बघा, माझ्यासमोर. आत सोडलं नाही तर रक्तपेढीच्या दारात उभी राहीन. रक्त न्यायला येणाऱ्या एकेकाला सांगेन. कोणीतरी येईल आणि म्हणेल, मागे हो.

होणार नाही.