अस्तंब्याला नेलेली तेलाची बाटली

देवाशी माझे कधी भांडण नव्हते, पण बोलणेही नव्हते. तिसऱ्या वर्षी पोलिओने उजवा पाय नेला, तेव्हापासून त्याने त्याच्या वाटेने जावे आणि मी माझ्या, असे आमचे ठरलेले होते. दोन वेळा आमदार झालो, तेव्हा सत्काराचे नारळ फोडले तेही लोकांच्या समाधानासाठी. असा माणूस देवाचा अनुभव लिहायला बसला याचे दगाभाऊला फार हसू येते. दगाभाऊ म्हणजे माझ्या गाडीचा ड्रायव्हर, वीस वर्षांचा सोबती. या अनुभवात तोही आहे, म्हणून त्याचे हसणे ऐकून घेत लिहितो.

आमचे गाव तळोद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी. अश्वत्थामा कपाळावरची न भरणारी जखम घेऊन अस्तंब्याच्या डोंगरात फिरतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो आणि जखमेसाठी तेल मागतो, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. म्हणून दिवाळीत शिखरावर जाणारे तेल घेऊन जातात, आणि त्या दिवसांत कोणी तेल मागितले तर त्याला नाही म्हणत नाहीत. मी तापातून वाचलो तेव्हा आई अंगणातून डोंगराकडे हात जोडून म्हणाली होती, "मन्हा पोऱ्या उभा ऱ्हायना, ते तो तुले तेल लई येई." म्हणजे, माझा पोर उभा राहिला तर तो तुला तेल घेऊन येईल. हे तिने मला इतक्या वेळा सांगितले की नवस मीच बोललो असे वाटायचे. माझ्या मनाने त्याचा अर्थ एकच घेतला होता. मी माझ्या पायांनी डोंगर चढायचा.

आई रोज संध्याकाळी माझा पाय मांडीवर घेऊन मोहाच्या बियांचे तेल चोळायची. शाळा नाल्यापलीकडे होती, तिथवर ती मला पाठीवर न्यायची. मुले मला गाठोडे म्हणत. दहाव्या वर्षी पायाला लोखंडी सळ्यांचा, पट्ट्यांनी बांधायचा कॅलिपर आणि काखेत कुबडी आली, त्या सकाळी ती नेहमीसारखी माझ्यापुढे वाकली. मी ओरडलो, "आजपासून मला कोणी उचलायचं नाही." ती उठली, दप्तर माझ्या गळ्यात अडकवले आणि नाल्यापर्यंत मागे मागे आली. तिच्या मनात काय आले असेल, याचा विचार करायला मला पुढची पन्नास वर्षे लागली.

तो हट्ट मी आमदारकीतही सोडला नाही. विधान भवनाच्या पायऱ्या पहिल्या दिवशी चढलो तेव्हा मदतीला आलेल्या दोघांना मी असे पाहिले की ते चार हात दूर झाले. माझ्या सभांना स्टेज नसायचे, मी लोकांसोबत सतरंजीवर बसून बोलायचो. आमदार जमिनीवरचा माणूस आहे, अशी कीर्ती झाली. खरे सांगतो, स्टेजला कठडा नसे आणि कोणीतरी मला उचलून वर ठेवील याची मला धास्ती होती. लोकांनी त्याला साधेपणा म्हटले, मी गप्प राहिलो. वरच्या पाड्यांच्या रस्त्यासाठी मात्र मी खूप भांडलो. आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणावे लागते, ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असे मी सभागृहात घसा फोडून सांगितले होते. काही पाड्यांना रस्ता झाला, काहींना अजून नाही.

दरवर्षी दिवाळीआधी आई नव्या तेलाची बाटली कोनाड्यात ठेवायची आणि विचारायची, "औंदा जाशी का रे, भाऊ?" मी म्हणायचो, अधिवेशन आहे, दौरा आहे, निवडणूक आहे. एका निवडणुकीत पडलो, मग ती सबबही संपली, पण माझ्या सबबी काय थोड्या होत्या? गेल्या हिवाळ्यात आई गेली. बाटली कोनाड्यातच राहिली. इकडे चांगला पायही थकत चालला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, पुढच्या वर्षी चाकाची खुर्ची. म्हणजे नवस फिटला तर याच दिवाळीत, नाहीतर कधीच नाही.

गर्दी ओसरल्यावर, भाऊबीजेनंतरच्या सकाळी आम्ही निघालो. गर्दीत पडलो तर लोक बघतील, ही भीती, दुसरे काय. जीप जाईल तिथवर गेली, पुढे पायवाट. तासाभरात कुबडी सुट्या दगडांवर सटकली, मी आडवा झालो आणि कॅलिपरचा पट्टा तुटला. वर झेंडे दिसत होते. पट्टा बांधायला दोरी मिळते का ते बघायला दगाभाऊ खालच्या घरांकडे धावला. मी दगडावर बसून, इतक्या वर्षांत प्रथमच, देवाला चार शब्द सुनावले. आईची एवढीशी गोष्ट तुला पुरी करवत नाही का, असे काहीसे.

तेवढ्यात वरून एक म्हातारा उतरला. खांद्यावर लांब बांबू, डोक्याला फडके. माझ्याजवळ टेकला आणि म्हणाला, "भाऊ, जरासं तेल शे का?"

मी बाटली छातीशी धरली. "नवसाचं आहे," म्हणालो. तो तिथेच बसून राहिला. जी चाल आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते, ती मी अस्तंब्याच्या अंगावर बसून मोडली होती! लाज वाटली. बाटली पुढे केली. त्याने ओंजळीत तेल घेतले आणि, मी काही म्हणायच्या आत, माझ्या वाळलेल्या पायाला चोळू लागला. "पहिले कोनी रोज लावे ना?" त्याने विचारले. "माय," एवढेच मला बोलता आले. आईनंतर त्या पायाला कोणाचा हात लागला नव्हता. मी रडलो, लपवले नाही.

दगाभाऊ दोरी घेऊन आला. म्हाताऱ्याने बांबूकडे आणि दगाभाऊच्या खांद्यावरच्या चादरीकडे बोट दाखवले. झोळी! माझी मान सवयीने नकारार्थी हलली, आणि तेव्हाच आईचे शब्द जसेच्या तसे आठवले. तेल घेऊन येईल, एवढेच ती म्हणाली होती. चालत येईल, हे माझे पदरचे होते. अर्धे शतक त्या एका शब्दापायी मी तिला ताटकळत ठेवले.

मी कुबडी बाजूला ठेवली. मला उचलून झोळीत घेताना दगाभाऊ म्हणाला, "वीस वरीस हात आखडी बठनू मी, साहेब."

झोळीतून आभाळ दिसत होते आणि दगाभाऊची घामेजलेली मान. दोघे चढता चढता ज्वारीच्या पिकाचे बोलत होते, थांबत होते, खांदा बदलत होते. लाज रस्ता नसण्याची होती, खांद्याची कधीच नव्हती, हे मला सभागृहात उमगले नव्हते. वर उरलेले तेल वाहिले आणि आईच्या नावाने डोके टेकले.

त्यांनीच मला जीपपर्यंत खाली आणले. दगाभाऊ त्याच्यासाठी चहा घेऊन आला तोवर म्हातारा गेला होता, बांबू तिथेच ठेवून. खालच्या घरांत त्याचे वर्णन सांगून विचारले, कोणाला ओळख पटली नाही. दगाभाऊचे म्हणणे ठाम आहे की तो कोण होता हे विचारायचेच नसते. डोंगरात पाडे पुष्कळ, माणसेही पुष्कळ. वाद मी आयुष्यभर घातले, हा घालणार नाही. तो जो कोणी होता, त्याचे ऋण माझ्या पायावर आहे.

कोनाड्यात आता मी तेलाची भरलेली बाटली ठेवतो, कोणी मागितले तर द्यायला. आणि कुठे पायऱ्या आल्या की थांबतो, दगाभाऊकडे पाहतो आणि दोन्ही हात वर करतो, लहानपणी आईपुढे करायचो तसे.