ताटातली डावी बाजू

डोळे शाबूत असताना समोरची वस्तू माणसाच्या लेखी नाहीशी कशी होते, हा प्रश्न लसणीच्या चटणीचा वास आला की मला अजून पडतो. वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन महिना झाला होता. धाकटा भाऊ कंपनीच्या बसने हिंजवडीला गेला होता आणि कर्वेनगरच्या घरात आम्ही तिघेच जेवत होतो. आईने रीतीप्रमाणे ताटात डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी वाढली होती. भाजी संपवून वडील म्हणाले, "या घरात चटणी वाटणं बंद झालंय का?" "समोरच आहे, अहो. माझ्या हातची नको असेल तर तसं सांगा," आई म्हणाली, कारण आठवडाभर ती बाजू तशीच परत येत होती. मेंदूचा उजवा भाग डावीकडचे भान राखतो, हे मी शाळेत फळ्यावर आकृती काढून वर्षानुवर्षे शिकवले होते, आणि झटक्याने वडिलांचा नेमका तोच भाग दुखावला होता. मी उठून ताट अर्धे फिरवले. वडिलांनी चटणी बोटाने चाटूनपुसून खाल्ली. "झकास. मग इतके दिवस लपवलीस कशाला?" आई हसली आणि तिने उत्साहाने भाजी पुन्हा तिच्या जागी वाढली, ती जागा आता डावीकडे आली होती. "आणि भाजी संपली वाटतं?" वडिलांनी विचारले. आईने माझ्याकडे पाहिले आणि मी ताट पुन्हा अर्धे फिरवले. आपल्या घरी अशा आजारानंतर कोणी पानात टाकू लागले, तर रागावण्याआधी एकदा ताट फिरवून आपणच पाहावे, एवढी विनंती.