उतारावरची गाडी आणि माझी थोरली नणंद

गतीचे नियम आपण सगळेच पाळतो, त्याला इलाज नसतो. पण बाकीची माणसं ते नीट पाळतायत की नाही यावर देखरेख ठेवायला सृष्टीनं माझ्या थोरल्या नणंदेची नेमणूक केली आहे, याबद्दल निदान आमच्या घरात तरी दुमत नाही. ताईंनी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आणि मग त्या निवृत्त झाल्या, म्हणजे फक्त शाळेतून झाल्या. शिकवणं पुढे चालूच राहिलं, आणि विद्यार्थी म्हणून समोर येईल तो माणूस धरला जाऊ लागला. मला पहिला धडा मिळाला तो त्या शाळेत असतानाच, माझ्या केळवणाला. मठ्ठ्याचे भरलेले पेले मांडलेल्या टेबलापाशी येऊन ताईंनी सगळ्यांना हात मागे घ्यायला सांगितले आणि काय होतंय हे कळायच्या आत खालचं कापड झटक्यात ओढून घेतलं. पेले मात्र जागच्या जागी उभे. एकच कलंडला, कारण माझ्या होणाऱ्या नवऱ्यानं घाबरून तो पकडायला हात घातला, आणि मठ्ठा माझ्या नव्या पैठणीवर. ताईंना त्याचं काहीच वाटलं नाही. पेला आपणहून हलला नव्हता, बाहेरून बल लावलं गेलं, तेव्हा दोष भावाचा, पेल्याचा नाही, असं त्यांनी माझ्या आईला समजावून सांगितलं.

बसमध्ये ताई कधी दांडी धरत नसत. ब्रेक लागायच्या आधी मागे रेललं की झालं, लोक उगाच लटकतात, असं त्यांचं म्हणणं. एकदा वाघोलीच्या बसमध्ये पुढचा सिग्नल लाल बघून त्या शास्त्रशुद्ध रेलल्या आणि नेमका सिग्नल हिरवा झाला. ड्रायव्हरनं गाडी दामटली आणि ताई कोबीच्या पिशवीसकट मागच्या सीटवरच्या एका गृहस्थांच्या मांडीवर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "असू द्या, उठू नका. मी पुढच्या स्टॉपला उतरणारच आहे." ताईंनी मात्र त्यांना माफी मागण्याऐवजी जडत्व समजावलं. ताईंच्या यजमानांची तर रोजचीच परीक्षा. बाजारात दोन्ही हातांत पिशव्या धरून ते ताटकळले आणि दमलो म्हणाले, की ताई विचारायच्या, पिशव्या हलल्या का? नाही ना? मग अंतर शून्य, कार्य शून्य, दमायचं कारण काय? त्यावर ते एवढंच म्हणत, की दमणं शून्य असलं तरी चहा मात्र पूर्ण कप लागेल.

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण सासरे गेले तेव्हा जे झालं ते गेलं नाही. भेटायला आलेल्या एका काकूंनी ताईंचा हात धरून म्हटलं, फार मोठा धक्का बसला गं तुम्हाला. ताई डोळे कोरडे ठेवून म्हणाल्या, की धक्का द्यायला दुसरी वस्तू लागते काकू, इथे तर होतं ते नाहीसं झालंय. काकूंनी हात सोडून दिला. मीही हादरले. सासूबाईंनी त्या दिवसापासून लेकीशी बोलणं जवळपास टाकलं. हिच्या आत काही नाहीच, असं त्या मला म्हणायच्या, आणि मला खोडून काढता यायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी ताई आमच्याकडे खराडीला जेवायला आल्या होत्या. दुपारी आम्ही त्यांना वाघोलीला सोडायला निघालो. वाटभर सासूबाई मागे खिडकीशी बसून रेडिओ ऐकत होत्या, शेजारी बसलेल्या लेकीकडे न बघता. ताईंच्या सोसायटीची गल्ली उताराची, आणि तो उतार थेट नगर रस्त्यावर जातो, जिथे टँकर आणि ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. आम्ही फाटकाशी उतरलो, सासूबाई गाडीतच राहिल्या. रेडिओसाठी किल्ली गाडीलाच. नवऱ्यानं डिकीतून तांदळाचं पोतं काढून फाटकाशी ठेवलं आणि डिकी दाणकन लावली. हँडब्रेक ओढायचा राहिला होता. गाडी हलली. आधी इतकी हळू, की मला वाटलं माझेच डोळे फिरले. मग ती सुटली.

नवरा धावत गाडीच्या पुढे गेला आणि दोन्ही हात बॉनेटला लावून उभा राहिला, जणू म्हैस अडवतोय. तेवढ्यात ताई त्याच्यावर धावून गेल्या.

"हो बाजूला. तुझ्यानं ती थांबणार नाही."

आणि त्यांनी सख्ख्या भावाला असं ढकललं, की तो मनगटावर आपटला. हाड मोडल्याचं नंतर कळलं. मग साठी उलटलेल्या त्या बाई गाडीच्या बरोबरीनं धावल्या, ड्रायव्हरच्या बाजूच्या उघड्या खिडकीतून दोन्ही हात आत घातले आणि सगळा भार टाकून स्टीअरिंग वळवलं. डाव्या हाताला नवीन इमारतीचं काम चाललं होतं, तिथे वाळूचा मोठा ढीग होता. गाडी त्यात नाकापर्यंत रुतली आणि एक उसासा टाकल्यासारखी थांबली. रेडिओवर भजन चालूच होतं. खाली नगर रस्त्यावरून एक टँकर भरधाव गेला.

आता ताई सगळं समजावून सांगतील, असं मला वाटलं. भिंतीऐवजी वाळूच का, समोरून अडवणं मूर्खपणाचं का. पण त्या वाळूत मटकन बसल्या. हात थरथरत होते. ते थांबवायला त्यांनी एका हातानं दुसरा धरला, तर दोन्ही थरथरायला लागले. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "हे थांबत का नाही गं?" ताईंना एखादी गोष्ट का होते हे माहीत नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. गाडी सुटली तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते.

सासूबाईंना मी दार उघडून उतरवलं. पदराची वाळू झटकत त्या लेकीपाशी गेल्या, कष्टानं खाली बसल्या आणि ते दोन्ही हात आपल्या मांडीवर ओढून घेतले. घाबरलीस का गं आई, असं ताईंनी विचारलं.

"तू होतीस ना," सासूबाई म्हणाल्या.

मग ताई रडल्या. गल्लीतल्या लोकांसमोर, मोठ्यानं, वडिलांच्या वेळचंही धरून रडल्या असाव्यात.

त्या दिवशी सासूबाई वाघोलीलाच राहिल्या आणि आता निम्मा महिना तिकडेच असतात. नवऱ्याचं मनगट सांधलं. पावसाळी हवेत दुखतं, पण तक्रार करायची त्याची हिंमत नाही. परवा ताई आमच्याकडे आल्या होत्या. चहा गाळताना माझ्या हातून पातेलं निसटलं आणि घरंगळत थेट त्यांच्या पायाशी जाऊन थांबलं. मी सवयीनं थांबले. ते का घरंगळलं आणि कशामुळे थांबलं, हे आता कळणार होतं. ताईंनी पातेलं उचललं, "भाजलं नाही ना गं?" एवढंच विचारलं आणि फडकं शोधायला गेल्या. मी मात्र तिथेच उभी, अजून काहीतरी ऐकायचं राहिल्यासारखी.